निळ्या ड्रमची तोटी

दार तोडलं तेव्हा कूलर चालूच होता.

अकोल्याच्या सातमाळे कॉम्प्लेक्समधली दुसऱ्या मजल्यावरची केबिन. मे महिना, दुपारचे चार, बाहेर सेहेचाळीस डिग्री. गजेंद्र सातमाळे खुर्चीत बसल्या जागी गेला होता. बिल्डिंग त्याची, आणि खालच्या बत्तीस कृषी केंद्रांच्या संघटनेचा अध्यक्षही तोच. दारात जमलेल्या दुकानदारांनी लगेच निकाल देऊन टाकला, ऊन लागलं म्हणून. कूलरसमोर बसलेल्या माणसाला ऊन कसं लागतं, हे विचारायची अक्कल त्या पंधरा जणांत एकालाही नव्हती.

ती अक्कल होती आकांक्षा टाले हिला. ही प्रदूषण खात्याची क्षेत्र अधिकारी, अमरावतीहून तपासणीला आलेली. चारची वेळ तिला सातमाळेनंच दिली होती. बाई रसायनशास्त्र शिकलेली, बोलायला फटकळ. तिनं मेलेल्या माणसाचे डोळे पाहिले, ओठाच्या कोपऱ्यातला फेस पाहिला, एकदा हवा हुंगली आणि ओढणी नाकाला लावली.

"कूलर बंद करा. खिडकी उघडा आणि सगळे बाहेर व्हा."

वीस मिनिटांत निरीक्षक चंद्रभान वानखडे हजर झाले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"विषबाधा कशावरून म्हणता, मॅडम?"

"डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. तोंडाला फेस आहे. आणि हा वास फवारणीच्या औषधाचा आहे, साहेब. कूलरच्या पाण्यातून आलंय. हे लोक म्हणतात, दोन वाजता दार-खिडक्या लावून हा झोपला. म्हणजे दोन तास तोच वारा खाल्ला."

"कूलरमध्ये पाणी कोण भरते?"

दुकानदारांनी एकसाथ जिन्याकडे पाहिलं. तिथं कौशल्याबाई बसली होती, पदर तोंडाला लावून.

कौशल्याबाई अकरा वर्षं या बिल्डिंगची झाडलोट करत होती. तिचा नवरा नत्थुजी तळघरात कामाला होता. काम काय, तर दुकानांमधली मुदत संपलेली औषधं तिथं जमा व्हायची. ती शिस्तीत गाडीत भरून घातक कचऱ्याच्या कारखान्यात पाठवायची, असा नियम. सातमाळेचा नियम वेगळा होता. औषध तळघरातल्या जुन्या विहिरीत ओतायचं, ड्रम नत्थुजीकडून उघड्या हातांनी धुवून घ्यायचे आणि पाण्याचे ड्रम म्हणून गावात खपवायचे. नळ चार-पाच दिवसांआड येतो तिथं निळा ड्रम कोणाला नको असतो? एप्रिलमध्ये ड्रम धुता धुता नत्थुजी पडला तो उठलाच नाही. सातमाळेनं सांगितलं की तो दारू प्यायचा. नत्थुजीनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

तेराव्याच्या दिवशी कौशल्याबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ज्यानं माह्या माणसाले मारलं, त्याचा तमाशा अख्खं अकोला पाहीन." ते ऐकलेले बारा साक्षीदार वानखडेंना तिथल्या तिथं मिळाले.

"पाणी तूच भरलं?" वानखडेंनी विचारलं.

"हो, म्याच भरलं. रोज भरतो. सकाळी अन् दुपारी."

"कुठून?"

"त्या पॅसेजमधल्या निळ्या ड्रमातून. सायेबाच्या कूलरचाच ड्रम हाय तो, दुसरं कोणी त्याले हात लावत नाई."

"हात बुडवून काढतेस?" हे आकांक्षानं विचारलं.

"रोज मगानं काढतो, कोपरालोक हात बुडते. आज सकाळी पाह्यलं तं तोटी लागेल दिसली. तोटीखाली बादली धरली, भरली, टाकीत ओतली."

"तोटी कोणी लावली?"

"मले काय माईत, मॅडम. सायेबानं लावली असन."

मागून एक दुकानदार हसला. सातमाळेनं अकरा वर्षांत या बाईला साधे हातमोजे दिले नव्हते.

"घाबरली काहून?" वानखडे म्हणाले. "तोंड पांढरं पडलं तुझं."

"घाबरली नाई जी. दुपारपासून मळमळून राह्यलं. दोनदा उलटी झाली. डोयासमोर धुंद दिसते."

वानखडेंनी ते भीतीच्या खात्यात जमा केलं. आकांक्षानं मात्र तिला आधी दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरांनी सुई दिली, थोडं औषध अंगात गेलंय म्हणाले. तरी संध्याकाळी अटक झालीच. उद्या अकरा वाजता कोर्टात उभं करणार होते, आणि एकदा खुनाचं कलम लागलं की या बाईसाठी वकील उभा करणारं कोणी नव्हतं.

"साहेब, जरा थांबा," आकांक्षा म्हणाली. "मला इथं बोलावणारी तक्रार या बाईचीच आहे. अंगठा आहे तिचा. चार वाजता अधिकारी येणार हे मीच हिला कळवलं होतं. मग दोन वाजता कशाला मारेल?"

"मॅडम, रागाचा काही भरवसा असते का? तुमी कचरा पाहा, खून मी पाहतो."

हे वाक्य आकांक्षाला झोंबलं. झोंबणारच. ठीक आहे म्हणाली, आणि कचरा पाहायला गेली.

तळघरात चाळीस ड्रम होते. ती एकेकाच्या बुडाशी वाकून पाहत होती. औषधाचा रिकामा ड्रम भोक पाडूनच भंगारात द्यायचा असतो, म्हणजे कोणी त्यात पाणी भरणार नाही. सातमाळेच्या कागदांवर सगळ्यांना भोकं पडली होती. प्रत्यक्षात एकालाही नव्हतं. त्याच सवयीनं ती वर पॅसेजमधल्या ड्रमपाशी वाकली. इथं भोक होतं आणि त्यात पितळी तोटी घट्ट बसवलेली होती. गळू नये म्हणून तोटीभोवती भरलेली सफेदी जुनी, पिवळट पडलेली. तळाशी चार बोटं पाणी होतं, आणि त्याला तोच वास. मागच्या बाजूला लेबल खरवडल्याची खूण होती. तिनं नमुना बाटलीत घेतला.

मग केबिनमध्ये गेली. घामानं जीव नकोसा झाला होता. भिंतीवर एसी होता, त्याच्यावर कापड टाकलेलं. तिनं रिमोट दाबला. पाच मिनिटांत खोली गार झाली.

"हा बंद का ठेवला होता?" तिनं बाहेरच्या चहावाल्याला विचारलं.

"जळला म्हने तो. नासिरभाईनं सांगतलं मार्चात. त्याईनंच मंग कूलर बसवून देल्ला."

नासिर म्हणजे बिल्डिंगचा कूलर-एसीचा मेकॅनिक. त्याचं घर दहा मिनिटांवर होतं. आकांक्षा ऑटोनं गेली.

पन्नाशीचा माणूस, दाढी अर्धी पिकलेली. अंगणात कूलरच्या जाळ्या, गवताच्या पॅडचा ढीग. त्यानं खुर्ची पुसून दिली आणि पाणी आणलं. भिंतीला लागून छातीएवढा उंच लोखंडी स्टँड होता, वर तीन निळे ड्रम. दोघांना खाली पितळी तोट्या होत्या. तिसऱ्याला नव्हती.

"घरात कोणी नाही?"

"नाई मॅडम. सितारा होती, माही बायको. रमजानात गेली."

"काय झालं होतं?"

"उलट्या झाल्या. डॉक्टर म्हने रोज्यात पाणी कमी पडलं."

"सातमाळेंच्या एसीचं काय बिघडलं होतं?"

"कॉम्प्रेसर गेला." तो पॅडचं गवत विंचरत राहिला. "नवा टाका म्हटलं तं नाई म्हने. मंग कूलर देल्ला."

"कौशल्याबाईला पकडलंय, माहीत आहे?"

त्याचे हात थांबले. "तिनं नाई केलं," तो म्हणाला. "तिले सोडाले सांगा."

"कोणी केलं?"

"ते मले कसं माईत असन."

आकांक्षानं पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं सगळ्यांना पॅसेजमध्ये उभं केलं. वानखडे कुरकुरत आले, पण आले. त्यांच्यासोबत महिला शिपाई आणि कौशल्याबाई. नासिरला एसी दुरुस्त करायचाय म्हणून बोलावलं होतं. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि केबिनच्या दारातच थबकला. आतून गार हवा येत होती.

"कॉम्प्रेसर जळलेला एसी आहे हा," आकांक्षा म्हणाली. "कालपासून चालू आहे. साहेब, आता मी कचऱ्याचंच सांगते, तुम्ही ऐका. ज्याला पाण्यात विष आहे हे माहीत असतं, तो त्यात स्वतःचे हात घालत नाही. कौशल्याबाईला उलट्या झाल्या, डोळ्यापुढे धुकं आलं. तिला माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यानं एक काम केलं, ड्रमला तोटी असेल असं पाहिलं. कशासाठी? मगानं काढलं असतं तर तिचा हात कोपरापर्यंत बुडला असता. तोटीनं जमेल तेवढा वाचला. या बिल्डिंगमध्ये अकरा वर्षांत हिच्या हातांची काळजी कोणी केली, सांगा बरं?"

दुकानदारांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे मारणाऱ्याला ही बाई प्यारी होती आणि सातमाळेचा राग होता. आता तोटी पाहा. भोवतालची सफेदी पिवळी पडलीय. तोटी काल लागली नाही, अख्खा ड्रमच काल आलाय, दुसऱ्याच्या घरून. मग सातमाळेचा बिनतोटीचा ड्रम गेला कुठे? छातीएवढ्या उंच स्टँडवर बिनतोटीचा ड्रम ठेवून माणूस पाणी काढणार कसं? पण नासिरभाईंच्या घरी तसा एक ड्रम आहे."

वानखडेंनी घसा साफ केला. सकाळी आकांक्षाच्या हट्टापायी त्यांनी नासिरच्या घरी शिपाई पाठवला होता. "भिंतीकडच्या बाजूनं लाल रंगात नाव आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "सातमाळे."

"कूलरचं गवत, पंप, जाळ्या घेऊन हा माणूस रोज इथं येतो. हातगाडीवर, मालाच्या लिफ्टनं एक निळा ड्रम आला आणि एक गेला, तर कोण पाहतं? आणि एसी चालू असता तर कूलर लागलाच नसता. म्हणून तो मार्चमध्येच जळाला. बरोबर ना, नासिरभाई?"

नासिरनं पिशवी खाली ठेवली. नाकारायचा त्याचा विचार नव्हता, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"हा तोटीवाला माहा ड्रम त्यानंच देल्ता," तो म्हणाला. "म्हने नासिर, धुतलेला हाय, घरी घेऊन जाय, ईदची भेट समज. मी तोटी लावली, स्टँडवर चढवला. त्या संध्याकाळी मी इथंच होतो, याचाच एसी साफ करून राह्यलो होतो. सितारा घरी एकली. रोजा सोडाले तिनं त्या पाण्यात गुलाबाचं सरबत केलं. दिवसभराची तहान, दोन पेले पेली असन." त्यानं निळ्या ड्रमकडे पाहिलं. "दफन करून आलो, ड्रम उघडला, अन् वास आला. तळघराचा वास. मंग म्या झाकण लावून ठेवलं. एक थेंब फेकला नाई. त्याचं होतं, त्यालेच वापस करायचं होतं."

"तक्रार का केली नाही?"

"काय झालं असतं? दंड. मले दंड नोको होता, मॅडम. तो बसल्या जागी मराले पायजे होता, जशी ती मेली. मी ऊन वाढाची वाट पाहून राह्यलो." त्याचा आवाज एकदम चढला. "अन् मले काई पस्तावा नाई. लिहून घ्या."

आकांक्षाला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं. रागही येत होता, आणि राग जास्त होता. तिनं वानखडेंना सांगितलं की पहिले गावातून दवंडी द्या, सातमाळेचे निळे ड्रम जिथं असतील तिथून आजच उचला. मग ती नासिरकडे वळली.

"सितारा मार्चमध्ये गेली. तेव्हा तो ड्रम घेऊन माझ्याकडे आला असता, तर मी दुसऱ्या दिवशी त्या तळघराला सील ठोकलं असतं. ड्रम धुणं तिथंच थांबलं असतं."

नासिरची मान खाली गेली. इतका वेळ ताठ होती.

हे कौशल्याबाईला कळायला दोन-चार क्षण लागले. महिला शिपायानं तिचा हात सोडला होता. ती पुढे आली.

"नासिरभाई, तुमाले मार्चातच माईत होतं?"

त्यानं हत्यारांची पिशवी पायाशी ओढली.

"हे रोज तेच ड्रम धुवत होते. दुपारी तुमच्याच बाजूले बसून भाकर खात होते. तुमी पाहत होते."

"वहिनी, मले वाटलं नाई..."

"काय वाटलं नाई? माहा हात बुडू नये हे वाटलं. मंग त्याइचा हात काहून नाई दिसला तुमाले?"

नासिर भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. तेराव्याला पंगतीत वाढायला हाच माणूस सगळ्यांत पुढे होता.

"बाई, तुम्ही सुटलात," वानखडे जरा खालच्या आवाजात म्हणाले. "घरी जा."

कौशल्याबाई हलली नाही.

"म्या अंगठा काहून देल्ता, माईत हाय?" ती नासिरला म्हणाली. "मले सातमाळे जित्ता पायजे होता. कोरटात, हात बांधून, सगळ्या गावासमोर. माहा माणूस दारू पेत होता असं बोलला तो. ते त्याच्याच तोंडानं मले वापस घ्यायले लावाचं होतं. रोज रात्री मी तेच मनात धरून झोपत होतो." तिनं पदर खोचला. "तुमी त्याले झोपेत मारलं. काई इचारलं नाई, काई कबूल करून घेतलं नाई. माह्या माणसाच्या नावावर दारू तशीच राह्यली, नासिरभाई. आता ती कोण पुसन?"