आढ्यावरचे सदरे

वाशांच्या बारा जोड्या, एक आढं, दीडशे रिपा, वीस फळ्या आणि खिळ्यांची दोन खोकी. ट्रकमधून उतरवून घेतानाच ओस्तोयाने माल मोजला, कारण फुकट आलेल्या मालात काहीतरी कमी निघायचंच, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. या खेपेला मात्र एक फळी जास्त निघाली.

शेफिकाचं घर पोद्गाय गावाच्या उतारावर होतं, खाली साना नदी दिसायची. घर होतं म्हणजे चार भिंती होत्या आणि आत पुरुषभर उंचीची झुडपं. ब्याण्णव साली बोस्नियात लढाई पेटली तेव्हा या आळीतल्या मुसलमानांची सगळी घरं सर्बांनी जाळली, त्यात हेही गेलं. त्याचं जळलेलं छप्पर ओस्तोयानेच चढवलेलं होतं, चौऱ्याहत्तर साली. शेफिकाचा नवरा एधेम तेव्हा पंधरा दिवस त्याच्या हाताखाली राबला होता. आता लढाई संपून सहा वर्षं झाली होती. पळालेली माणसं एकेक करून परतत होती आणि एक परदेशी संस्था त्यांना लाकूड, कौलं, सिमेंट पुरवत होती. मिस्त्री ज्याचा त्याने शोधायचा. सर्ब सुतार मुसलमान विधवेचं घर बांधतोय म्हटल्यावर संस्थेचा साहेब हरखून गेला. त्याने दोघांना भिंतीपुढे उभं केलं, हातात हात द्यायला लावला आणि फोटो काढला. जाताना अंगणात एक निळी पाटी ठोकून गेला: ‘पुन्हा एकत्र’.

“दाजी, जरा हसायचं तरी,” ग्लिशो म्हणाला. “दात उपटायला बसल्यासारखे दिसणार तुम्ही फोटोत.”

ग्लिशो म्हणजे ओस्तोयाच्या बायकोचा भाऊ. पन्नाशीचा, कामाला बरा, तोंड मात्र सदा चालू. लढाईची सगळी वर्षं तो जर्मनीत विटा रचत होता. इथलं काही बघितलेलं नाही, त्यामुळे त्याला मोकळेपणाने हसता यायचं.

शेफिका घरासाठी परत आलीच नव्हती. नऊ वर्षं तिच्यापाशी एकच प्रश्न होता आणि तो ती भेटेल त्याला विचारायची. ब्याण्णवच्या जुलैत, एका दुपारी, पोद्गायच्या सात माणसांना घरांतून बाहेर काढून नेलं. कुठे नेलं? त्या सातांत एधेम होता. त्याची हाडं मिळाली असती तर ती त्यांना माती देऊन मोकळी झाली असती. ओस्तोयालाही तिने पहिल्याच दिवशी विचारलं, कॉफी पुढे ठेवून.

“मी त्या आठवड्यात इथे नव्हतोच, वहिनी. प्र्न्यावोरला बहिणीकडे गेलो होतो. परत आल्यावर कळलं.”

“हो ना,” शेफिका म्हणाली. “सगळं गावच बहिणीकडे गेलं होतं त्या आठवड्यात.” आणि तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

ओस्तोया इथेच होता. चुनाभट्टीच्या मागे एक पडकी विहीर आहे. तिच्यावर झाकण ठोकायला चौघे बंदुकवाले त्याला घरातून घेऊन गेले होते. त्याने कुणावर हात उचलला नाही. फळ्या मापल्या, कापल्या, ठोकल्या आणि घरी आला. बायकोला म्हणाला, भट्टीचं दार दुरुस्त केलं. त्या चौघांतले दोघे आजही तालुक्याच्या गावी वर्दीत हिंडत होते, तेव्हा गप्प बसायला कारणही तयार होतं. खरं कारण निराळं होतं, आणि त्याच्या वाटेला तो स्वतःच्या मनातही जात नसे. मग शेफिकाने छप्पर चढवाल का विचारलं तेव्हा हो का म्हणाला? कदाचित छप्पर झालं की ती विचारायची थांबेल असं त्याला वाटलं असेल. माणूस काहीही समजूत करून घेतो.

जास्तीची फळी जुनी होती. नव्या पिवळ्या देवदाराच्या गठ्ठ्यात ती एकटी काळपट, हाताला ओली. तिच्यावर खिळ्यांची भोकं होती, जोडीजोडीने. प्रत्येक जोडीतलं एक सरळ, एक तिरकं. असा खिळा मारायची खोड पंचक्रोशीत एकट्या ओस्तोयाला होती. बापाने शिकवलेली. तिरका खिळा फळीला वर उचलू देत नाही, असं बाप म्हणायचा.

त्याने फळी करवतीने चार तुकडे करून सरपणात टाकली. व्यापाऱ्याने कुठल्यातरी मोडक्या गोठ्याचं लाकूड खपवलंय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठ्यात तशीच एक फळी होती, अखंड. म्हणजे दोन होत्या, आपण एकच बघितली. त्याने तीही कापली. तिसऱ्या दिवशी लाकूड काढायला त्याने ग्लिशोला पाठवलं आणि स्वतः गठ्ठ्याकडे पाठ करून रंधा मारत बसला.

गुरुवारी वासे उभे राहिले. ओस्तोया वर खिळे मारत होता, ग्लिशो खाली जमिनीवर रिपा छाटत होता.

“दाजी, जरा थांबा बघू ठोकायचं,” ग्लिशोने खालून सांगितलं.

“मी कधीचा थांबलोय.”

ग्लिशोने वर पाहिलं. ओस्तोयाची हातोडी कमरेला अडकवलेली होती. ठोकणं चालूच होतं. बारीक, बोथट, जमिनीखालून आल्यासारखं. मग बंद झालं.

“जुन्या विटांत आवाज अडकून राहतो,” ओस्तोया म्हणाला.

“राहत असेल,” ग्लिशो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

शनिवारी आढं चढलं. ऑगस्टची भर दुपार, आणि वारा अगदी पडलेला. आढं बसलं की मिस्त्रीला सदऱ्यांचा आहेर करायचा, ही इथली रीत. सर्ब असो की मुसलमान, त्यावाचून छपराला छप्पर म्हणत नाहीत. खालचा माणूस दोरीला आहेर बांधतो, मिस्त्री आढ्यावर बसून वर ओढून घेतो, देणाऱ्याचं नाव साऱ्या आळीला ऐकू जाईल असं पुकारतो, त्याला आयुष्य चिंततो आणि वस्तू आढ्याला टांगतो. नाव पुकारलं नाही तर देणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. चौऱ्याहत्तर साली याच घराच्या आढ्यावर एक्केचाळीस सदरे लागले होते आणि ओस्तोयाचा घसा बसला होता.

आज देणारं कोण होतं? परतलेली पाच-सहा म्हातारी माणसं, त्यांतलीही निम्मी या उन्हात घराबाहेर पडणारी नव्हती. अंगणात शेफिका एकटी उभी होती. तिने एक नवा सदरा आणला होता. ओस्तोयाच्या बायकोने टॉवेल दिला होता. आणि संस्थेच्या साहेबाला कुणीतरी ही रीत सांगितली असावी, कारण तो आपली निशाणी छापलेली टोपी ठेवून गेला होता.

“शेफिकावहिनींनी दिला सदरा, देव त्यांना उदंड आयुष्य देवो!” ओस्तोयाने पुकारलं. मग टॉवेल. मग टोपी, साहेबाचं नाव त्याला नीट उच्चारता येईना तेव्हा ग्लिशो खाली पोट धरून हसला. शेफिकाही हसली, थोडीशी. ओस्तोयाला वाटलं, संपलं. झालं एकदाचं.

त्याने दोरी गुंडाळायला घेतली आणि ती जड लागली.

सवयीने त्याने ओढली. टोकाला सदरा होता. पांढरा, कॉलर विरलेली, खांद्यावर चुन्याचे डाग. ओला होता. कुणी पाठवला असेल? शाबानची बायको आली असेल गावात, तिने पाठवला असेल. हे मनात येईपर्यंत जिभेने आपलं काम केलंसुद्धा.

“शाबानने दिला सदरा, देव त्याला...”

शाबान त्या सातांतला होता. शेफिकाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

“दाजी,” ग्लिशो म्हणाला, “हा मी नाही बांधला. तीनच होते.” त्याने दोन्ही हात वर करून रिकामे पंजे दाखवले.

सदरा सोडवल्यावर दोरीचं टोक पुन्हा खाली भिंतींच्या आत, जिथे कुणी उभं नव्हतं तिथे लोंबत होतं. ती पुन्हा ताणली गेली.

ती सोडून द्यावी, खाली उतरावं, घरी जावं, हे सगळं ओस्तोयाला सुचलं. पण आहेर दोरीला लागला की मिस्त्री ओढतोच. चाळीस वर्षं त्याचे हात हेच करत आले होते.

“हासिबने दिला सदरा.”

तो आढ्याला टांगला. त्यातून लाकडावर पाणी ठिबकलं. वास मातीचा होता, खोलवरच्या, ऊन न लागलेल्या मातीचा.

“वेलीदने दिला सदरा.”

“रिफेतने.” हा हिरवा होता, खिशाला धातूची बटणं.

“म्युयोने.”

“जूनुझने.”

त्याचा आवाज आता कुणाला ऐकू जावा इतका मोठा नव्हता. पण आळी गप्प होती आणि शब्द न् शब्द खाली पोचत होता. सातवा सदरा निळ्या पट्ट्यांचा होता. तो ओस्तोयाने टांगला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

“घ्या नाव,” शेफिका खालून म्हणाली.

“एधेमने,” तो म्हणाला आणि सदरा टांगला.

दोरी सैल पडली.

तो शिडीवरून उतरला. शेवटच्या पायरीवर ग्लिशोने त्याला दंडाला धरून घेतलं. शेफिका पुढे आली. ती रडत नव्हती. तिचा चेहरा हिशेब तपासणाऱ्या मास्तरणीसारखा होता, आणि ओस्तोयाला त्याचीच जास्त भीती वाटली.

“तो हिरवा रिफेतचा, हे तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? शेजारी होता. बघितला असेल कधीतरी अंगात.”

“त्याच्या बायकोने तो आदल्या दिवशी बाजारातून आणला होता. त्याने पहिल्यांदा घातला तो त्याच दुपारी. घालून उंबऱ्याबाहेर आला आणि त्याला धरलं.” ती थांबली. “तुम्ही प्र्न्यावोरला होतात.”

ओस्तोयाने ग्लिशोकडे पाहिलं. ग्लिशोने त्याचा दंड सोडला.

“कुठे आहेत?” शेफिकाने विचारलं.

नऊ वर्षं तोंडाला घातलेलं कुलूप एका वाक्यात निघालं. “चुनाभट्टीच्या मागे. पडकी विहीर आहे ना, तिच्यात.”

शेफिका विटांच्या ढिगावर बसली. केवढ्याशा अंतरावर होता तो. भट्टीचं धुराडं या अंगणातून दिसत होतं.

“आणि तुम्ही?”

“मी झाकण केलं. नुसतं झाकण, वहिनी. बंदूक लावली होती मला.”

तिने मान हलवली, जणू तेवढं तिला समजू शकत होतं. मग तिने शेवटचं विचारलं.

“झाकण ठोकलंत तेव्हा ते मेलेले होते ना? सगळे?”

सगळे मेलेले नव्हते. फळ्या टाकण्याआधी त्याने आत वाकून पाहिलं होतं आणि सातही जण दिसले होते, अंगातल्या सदऱ्यांसकट. दुसरी फळी ठोकत असताना खालून आवाज आले होते, तीन निरनिराळे. त्यांतल्या एकाने त्याला नावाने हाक मारली. अंधारात, इतक्या खालून, वर कोण आहे हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. पण पंधरा दिवस हाताखाली काम केलेल्या माणसाला मिस्त्रीचा ठोका ओळखू येतो: एक सरळ, एक तिरका. “ओस्तोया,” एधेम म्हणाला होता, “अरे, मी आहे.” बंदुकवाले मागे सिगारेट पेटवत होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आणि ओस्तोयाने आणखी जोरात ठोकायला सुरुवात केली होती.

“सगळे मेलेले होते,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो. कुणाला काही कळलंही नसेल.”

आवाज कापला नाही याचं त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

शेफिका त्याच्याकडे बघत नव्हती. ती वर बघत होती. ग्लिशोही वर बघत होता, आणि त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

वारा नव्हता. नदीकाठच्या उंच झाडांचं पान हलत नव्हतं. आढ्यावर तिचा नवा सदरा, टॉवेल, साहेबाची टोपी, सगळं गप्प लोंबत होतं. पुढच्या सातांतले चार सदरेही तसेच गप्प.

उरलेल्या तिघांच्या छात्या वर येत होत्या आणि खाली जात होत्या. सावकाश, एकसारख्या, झोपलेल्या माणसासारख्या.

“तीन,” शेफिका म्हणाली.

कडेचा, निळ्या पट्ट्यांचा, दर तिसऱ्या-चौथ्या श्वासाला अडखळत होता. एधेमला दमा होता.