केण्यांचा ओर्ट

तहसील कचेरीत पंखा तोच, बाकडं तेच. फक्त जुन्या कारकुनाच्या खुर्चीवर आता अर्थयंत्र ठेवलंय. दस्तातला एखादा मेलेला शब्द त्याच्यापुढे धरायचा. लिहिणाऱ्याच्या काळी त्याचा अर्थ काय होता, ते लाखभर जुने कागद चाळून हे सांगतं. आणि ते सांगेल तोच कायदा.

जनूतात्या केणी चाळीस घरांची पाखाडी वाचवायला आले होते. जागेवर एका कंपनीचा डोळा. हातात दीडशे वर्षांचा इंग्रजी दस्त, सोबत सून वैजयंती. दस्तात आधार एकाच ओळीचा: 'हा ओर्ट केण्यांकडे कायम राहील.'

"ओर्ट," यंत्र बोललं. "मूळ पोर्तुगीजांचा, अर्थ बाग. मुंबईच्या इंग्रजांनी तो नारळाच्या वाडीला लावला. आज इंग्रजीतही कुणी वापरत नाही."

"आम्ही वाडीच म्हणतो रे बाबा," तात्या म्हणाले. "त्यासाठी पोर्तुगालपर्यंत कशाला गेलास?"

बाकड्यावरची माणसं हसली.

"तुमच्याकडच्या दस्तांत नुसती झाडं म्हणजे ओर्ट नव्हे. माड आणि माडावर चढून माडी काढणारे, दोन्ही मिळून ओर्ट. माड किती?"

"साठ."

"चढणारे?"

वैजयंतीनं हळूच त्यांची बाही ओढली. पण तात्यांची छाती फुगली होती. सोयरीक जमवताना हेच तर ते मिरवायचे.

"एकसुद्धा नाही. तीस वर्षं झाली. एक पोरगा बँकेत, एक रेल्वेत, ही सून नर्स. नारळ पाडायला आम्ही ड्रोन बोलावतो."

"नोंद घेतली. ओर्ट शिल्लक नाही. हक्क संपला."

"तात्या," वैजयंती पुटपुटली, "गप्प बसायचंत ना जरा."

तात्यांना कळायला वेळ लागला. मग ते यंत्राकडे वाकले. "माझा बाप माडावरून पडून गेला. धाकटा भाऊ पडला, तो आठ दिवस कण्हत होता. तो गेला त्या दिवशी मी पोरांचं चढणं बंद केलं. पडलेल्यांसाठी काय शब्द आहे तुझ्या कागदांत?"

यंत्रानं सगळे कागद चाळले.

"वादळात पडलेल्या माडांच्या नोंदी आहेत. माणसांच्या नाहीत."

पुढचा नंबर पुकारला. तात्या बाहेर आले आणि पायरीवरच बसले. वैजयंती शेजारी टेकली.

"वैजू," ते म्हणाले, "पोरांना चढू द्यायला हवं होतं का गं मी?"