तळ्याकडची लांब वाट

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. वेळ एवढी नक्की सांगता येते, कारण साईनाथने तेव्हाच मोबाईल काढून बघितला आणि तो म्हणाला, "पाचला गेट बंद करतात. आता वाट कुठली धरायची ते पटकन ठरव."

रविवार होता. मानपाड्याच्या कंपनीत आठवडाभर मशीनपुढे उभा राहणारा साईनाथ आईला आणि बायको-पोराला घेऊन हवापालटाला बाहेर पडला होता, एवढंच. कल्याणच्या पुढे खाडीला लागून एक जुना राजवाडा आहे. नाव इथे घालत नाही, तिकडच्यांना कळेल. बघायला गेलं तर आत एक गावच वसलेलं. हत्तीखाना, कचेरी, दरबार, मुदपाकखाना, राण्यांचा महाल आणि एका अंगाला भलं मोठं दगडी तळं.

सासूबाई गेटजवळच्या बाकावरच बसल्या. "माझ्या गुडघ्यांना राजाही नको नि राणीही नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही या बघून. आणि संचिता, आत पोराचं नाव घेऊन हाका मारू नकोस. जुनी वास्तू आहे. ऐकणारं कोण असतं, सांगता येत नाही."

संचिताने मान हलवली. तिला हे सांगायची गरजच नव्हती. दोन वर्षांचा अनिमेष साधा शिंकला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. साईनाथ चिडवायचा, "हिच्यावर सोडलं तर ही पोराला डब्यात घालून झाकण लावील."

दरबार बघून ते पार मागच्या टोकाला पोचले, तेव्हा अनिमेष तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता. तिथून गेटकडे यायच्या वाटा दोन. एक तळ्याला वळसा घालून जाणारी, लांबची, उन्हातली. भिंतीवर बाणसुद्धा तिचेच काढलेले. दुसरी राण्यांच्या महालातून, सरळ आणि सावलीची. तिला बाण नव्हता, पण दार उघडं होतं.

दाराशी स्टुलावर महिपत नावाचा रखवालदार बसला होता. पोराकडे बघून तो म्हणाला, "कडेवर लेकरू असलं की बाया तळ्याकडूनच जातात."

"का ओ काका?"

"जातात, एवढंच. आमची पण तिकडूनच जायची."

"ऊन बघा की," साईनाथ हसला. "आणि तळ्याकडे आहे काय, बेडूकच ना?"

महिपत हसला नाही. "दार उघडं हाय. मी कोण अडवणार."

संचिता जरा वेळ तशीच उभी राहिली. तळ्याच्या फरशा उन्हाने भाजत होत्या. पोराची मान घामाने चिंब झालेली. ऊन बाधलं तर रात्री ताप भरेल, मग डॉक्टर, मग सुया... हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि ती म्हणाली, "सावलीतून जाऊ या." वाट तिनेच निवडली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही ते ह्याच एका गोष्टीसाठी.

आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा आवाज पाठीमागे दार लावून घ्यावं तसा बंद झाला. एका दालनातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. गार हवा, वटवाघळांचा उग्र वास, उंचावरच्या झरोक्यातून पडलेला पिवळा कवडसा. साईनाथ फोटो काढत पुढे गेला होता. त्याच्या चपलांचा आवाज लांब लांब होत गेला.

चौथं दालन लांबट होतं. छताला ओळीने लोखंडी कड्या होत्या. झुंबरांच्या असतील असं तिला आधी वाटलं, पण जोडीजोडीने होत्या त्या, पाळण्याच्या असतात तशा. आणि वास बदलला. बाळंतशेपा, ओवा, वावडिंग... निखाऱ्यावर नुकतीच धुरी घातल्यासारखा. तिच्या बाळंतपणात माहेरी आयेने, तिच्या आईने, महिनाभर दिलेली ती धुरी. हा वास ती झोपेतही ओळखील. पण इथे निखारा कुठला? फरशीवर धूळ होती, आणि धुळीत एकट्या साईनाथची पावलं.

अनिमेष जागा झाला. अंग टाकून, हट्टाने खाली उतरला आणि मधल्या कडीखाली फतकल मारून बसला. मान वर. त्याची नजर डावीकडून उजवीकडे जात होती, उजवीकडून डावीकडे. सावकाश. वर काहीतरी झुलत असावं तशी...

किर्र... किर्र...

दोरी कडीवर घासते तो आवाज.

"आलीस का गं?" पलीकडून साईनाथ ओरडला.

तिने पोराला उचललं. ते परत झोपेत लोळागोळा झालं होतं. पाऊल टाकताना तिला आयेची शिकवण आठवली. परक्या जागेवरून पोराला झोपेत उचलून न्यायचं झालं, तर त्याला हाक मारायची, चल घरी म्हणायचं. नाहीतर नुसतं अंग घरी येतं आणि पोर तिथेच खेळत राहतं. पण नाव तर घ्यायचं नव्हतं. सासूबाईंनी बजावलं होतं. दोन्हीकडचं राखावं म्हणून तिने मधला मार्ग काढला. पाठमोरी होऊन हळूच म्हणाली, "चल बाळा. घरी चल, बाळा."

वरचा आवाज थांबला. पाळणा झुलायचा थांबतो तसा नाही, हाताने धरून थांबवतात तसा.

स्टेशनला जायला रिक्षा केली. साईनाथ पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे सासू-सून. ड्रायव्हरने मागे न बघताच आरसा नीट केला आणि म्हणाला, "ताई, पोरांना आत ओढून घ्या. हात बाहेर काढतात."

अनिमेष मांडीवर झोपला होता. दोन्ही हात त्याच्या पोटावर.

दुसऱ्या दिवशी संचिताच्या लक्षात आलं की पोर नावाला ओ देत नाही. एरवी टीव्ही चालू असला तरी "अनिमेष" म्हटलं की गर्रकन वळायचं. आता पाठीमागे टाळी वाजवली की वळायचं, ताट वाजलं की वळायचं, नावाला नाही. "बाळा" म्हटलं की मात्र ताबडतोब येऊन उभं राहायचं आणि तिच्याकडे असं बघायचं, जसं काही तिला ते पहिल्यांदाच बघतंय. डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले आहेत, म्हणाले.

साईनाथ म्हणाला, "अगं, मस्ती करतोय तो. तू पण ना."

तिने गावी आयेला फोन लावला. सगळं सांगितलं. आयेने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "निघताना हाक मारलंस?"

"मारली."

"नावान?"

"नाही. सासूबाई म्हणालेल्या नाव घेऊ नको. नुसतं बाळा म्हटलं."

मग आये हळू म्हणाली, "मगे तू बोलावलंस कोणाक, गो?"

संचिताने आत बघितलं. पोर भिंतीला टेकून बसलं होतं, शहाण्यासारखं. इतकं शहाणं तिचं पोर कधीच नव्हतं.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी साईनाथ कामावर गेल्यावर ती त्याला घेऊन निघाली. सासूबाईंना कानाच्या डॉक्टरचंच कारण सांगितलं. राजवाड्यात पोचली तेव्हा भर दुपार होती, माणूस तुरळक. महालाच्या दारातला महिपत तिला बघून स्टुलावरून उठला.

"काका, माझ्यासारखं कोणी आलेलं का परत?"

"येतात," तो म्हणाला. "जा आत. पण येताना मागे बघू नको, आणि तळ्याकडून जा."

आत तोच गारवा, तोच वास. कड्यांच्या दालनात ती उभी राहिली. कडेवरचं पोर गप्प होतं. फार गप्प. नाव तोंडातून निघेना. ऐकणारं कोण असेल ते असो, मनाशी म्हणाली, आणि तिने हाक मारली.

"अनिमेष... चल घरी."

काही नाही.

"अनिमेष, आई आलीय. चल घरी..."

लांब कुठेतरी किर्र झालं.

"अनिमेष..."

तिसऱ्या हाकेला कडेवरचं पोर दचकलं आणि त्याने भोकाड पसरलं. ते रडणं तिच्या पोराचं होतं. शंभर पोरांत तिने ओळखलं असतं. त्याने तिच्या मानेला मिठी घातली, नखं रुतली, आणि तिला रडू फुटलं.

आणि त्याच वेळी खाली, गुडघ्याशी, कोणीतरी तिच्या साडीच्या निऱ्या धरल्या. जोरात नाही. गर्दीत पोर आईचं बोट धरतं, तेवढ्याच जोराने.

तिने खाली बघितलं नाही. बोलावलं तर आपणच होतं, हा विचार तिला सोडेना. चल घरी, असं आपणच म्हणालो होतो. कोणाचं असेल, किती वर्षं त्या कडीखाली वाट बघत असेल, आणि किती बाया त्याला चुकवून तळ्याकडून गेल्या असतील... "तू नाही रे" एवढं म्हणायचं होतं, ते तिला म्हणवलं नाही. तशीच ती चालत राहिली. उंबरठा ओलांडला, ऊन अंगावर आलं. तळ्याला पूर्ण वळसा घालून ती गेटवर पोचली. निऱ्या कधी सुटल्या, सुटल्या की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही.

अनिमेष पहिल्यासारखा झाला. नावाला वळतो, ताटं फेकतो, सासूबाईंचा चष्मा लपवतो. आठवडाभर घर कसं हसतंखेळतं होतं.

मग एका संध्याकाळी समोरच्या खोलीतली हेमा पॅसेजमधून बोलत बोलत आली. संचिता आत स्वयंपाकघरात अनिमेषला मांडीवर घेऊन भात भरवत होती. दारातून तिला हेमाची पाठ दिसत होती. हेमा सासूबाईंना पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता तिने न बघताच एक हात मागे केला आणि लाडाने म्हणाली, "ये रे बाळा, ये माझ्याकडे."

हेमाची बोटं मिटली. कोणाचा तरी हात धरावा तशी.

"अगंबाई," ती म्हणाली, "ह्याचा हात एवढा गार कसा?"

संचिताच्या हातातला घास तसाच राहिला.

म्हणून हे सांगायचं. तुमच्या माहितीतली कोणी लेकुरवाळी त्या राजवाड्यात जाणार असेल, तर तिला कळवा: ऊन असू दे, पाय दुखू देत, तळ्याकडच्याच वाटेने जा. आणि मानपाड्याला संचिताच्या घरी कधी गेलात, तर पोराला नावानेच हाक मारा. लाडाने दुसरं काही म्हणू नका. हे बाकीच्यांनाही सांगा.