गरम हातांची मुलगी

एकोणीसशे सत्त्याहत्तर साल. दक्षिण ब्राझीलमधल्या आमच्या टेस्टो नदीच्या काठी एका जर्मन कंपनीचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. जगभर त्यांचे कारखाने. तेलाच्या दाबावर क्रेन उचलायची, उसाच्या चरकाचं चाक फिरवायचं, धरणाचा दरवाजा सरकवायचा, असली यंत्रं ते करायचे. आमच्या खोऱ्यात तोवर फक्त गायी, मका आणि रविवारचं चर्च होतं.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, धुक्याच्या सकाळी मी सायकलवरून कामाच्या पहिल्या दिवसाला निघाले होते. लाकडी पुलावर एक मुलगा मध्येच उभा. हातात दोरीने बांधलेली पेटी, अंगात पातळ शर्ट, ओठ निळे पडलेले. मी करकचून ब्रेक लावला.

"कारखाना कुठे आहे हो?" त्याने पोर्तुगीजमध्ये विचारलं. म्हणजे आमच्यातला नव्हता. आम्ही घरात पोमेरानी बोलायचो, पणजोबांनी जर्मनीकडून आणलेली बोली.

"सरळ. पण पुलाच्या मधोमध उभं राहून सापडणार नाही."

तो हसला. मग हवा हुंगून म्हणाला, "गायीचा वास येतोय…"

माझे कान तापले. पहाटे पाच गायींचं दूध काढून निघाले होते मी. "येणारच! गायीचंच काम करून आलेय."

"रागावू नका. माझ्या अंगाला मासळीचा येतो. लागुनाचा आहे मी, समुद्राकाठचा. अदेमार." त्याने हात पुढे केला. मी हात दिला, तर तो दचकलाच. "अरे… भाकरीसारखा गरम आहे की!"

त्याचा मात्र नदीतल्या दगडासारखा होता.

पप्पांनी मला नोकरीला पाठवलं ते एका अटीवर. आई गेल्यापासून गोठा माझ्यावर होता. "थंडी सरेपर्यंत बघ, इर्मी," ते म्हणाले होते. "कायम केलं तर ठीक, एखादी गाय विकू. नाही केलं तर परत गोठ्यात, आणि पुन्हा विषय काढायचा नाही." मला गायींचा तिटकारा नव्हता. पण सगळा जन्म शेपटीमागे जाणार, या विचाराने झोप उडायची.

माझं काम व्हॉल्व्ह जोडायचं. पोलादी ठोकळ्याला आरपार भोक, आणि त्यात सरकणारी बोटभर दांडी. दांड्या पुष्कळ, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. पण त्यांतली एकच त्या भोकात अशी बसायची, की अडकायची नाही आणि तेलही गळू द्यायची नाही. ती बोटांनी शोधायची. आमचे मुकादम विगांदकाका म्हणायचे, "जोर लावू नका. तिला वाटलं पाहिजे, आपणच आत गेलो."

जोडलेला व्हॉल्व्ह तपासणीच्या टेबलावर जायचा. तिथे त्याच्यात दाबाने तेल सोडायचे आणि खाली पांढरा कागद ठेवायचे. कागदावर डाग पडला, की माल परत. आणि त्या टेबलाशी होता अदेमार.

पहिल्याच आठवड्यात तो ट्रे घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"इर्मीबाई, तुमचा व्हॉल्व्ह रडतोय."

"तुमचं तोंड बघून रडला असेल."

"मग बाकीच्या मुलींचे का नाही रडत?"

शेजारची लोनी आमच्या बोलीत म्हणाली, "कान बघ गं याचे, दुधाच्या किटलीच्या कड्यांसारखे!" आम्ही फिदीफिदी हसलो. तो शांतपणे गेला.

पण ट्रे येतच राहिले. माझ्या बोटांना दांडी नेमकी बसलेली कळायची, मी शपथेवर सांगितलं असतं. आणि त्याच्या टेबलावर तीच दांडी सैल निघायची. एक दिवस विगांदकाका जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, असंच चाललं तर मला तुझ्यासाठी बोलता येणार नाही."

त्या दुपारी जेवायच्या सुट्टीतही मी टेबलाशीच बसून राहिले. डबा उघडला नाही. बाहेर बारीक पाऊस, पत्र्यावर त्याची कुजबुज…

"तू काय करतेस ते बघू?" अदेमार केव्हा आला, कळलंच नाही. आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही.

"तुझ्यासमोर करू? म्हणजे रडायला आणखी एक कारण."

"मी डोळे मिटतो."

"मग बघणार कसा?"

मी दांडी उचलली. दोन्ही तळव्यांत धरली, फुंकर घातली, चोळली, आणि मग भोकात सरकवली. अलगद गेली.

"थांब. आधी काय केलंस ते?"

"काय केलं?"

"हातात धरून… चोळलीस."

"गार होती ना! गार हात लावला तर गाय लाथ मारते. आधी ऊब द्यायची, मग…" मी बोलता बोलता थांबले.

त्याने हलकेच माझ्या तळव्यातून दांडी काढून घेतली. "पोलाद आहे, इर्मी. ऊब लागली की फुगतं. तुझ्या हातात जाडजूड होऊन बसते, आणि माझ्याकडे येईपर्यंत गारठून बारीक होते. रडेल नाही तर काय!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने दांडी दगडी लादीवर ठेवली. "आता गार होऊ दे. तोवर हात लावायचा नाही."

"तोवर काय करायचं?"

"डब्यात काय आहे?"

केळ्याचा केक होता. आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला. तो सांगत होता, वादळात बाप होडी कशी वळवतो ते. मी सांगत होते, कुठली गाय गाणं म्हटल्याशिवाय पान्हा सोडत नाही ते. दांडी केव्हाच गार झाली होती… पण दोघांपैकी कुणीच लादीकडे बघत नव्हतं.

त्यानंतर माझ्या कागदावर डाग पडला नाही. थंडी सरली आणि विगांदकाकांनी मला कायम केल्याचं सांगितलं. पप्पांनी शब्द पाळला, एक गाय विकली. मी आनंदात असायला हवं होतं. पण ट्रे घेऊन येणारं आता कुणी नव्हतं. अदेमार त्याच्या टेबलावरून नुसती मान हलवायचा आणि कामाला लागायचा.

"चांगलं काम केल्याची शिक्षा," लोनी म्हणाली.

एका सकाळी मी एक दांडी उचलली. तळव्यात धरली. फुंकर घातली, चांगली चोळली… आणि व्हॉल्व्ह तपासणीला पाठवून दिला.

थोड्या वेळाने तो आला. ट्रेमध्ये तो एकच व्हॉल्व्ह.

"ही चूक जुनी आहे," तो म्हणाला.

"हो."

"तुला माहीत असून?"

"फार दिवस कुणी काही परत आणलं नव्हतं…"

त्याचे ते कान लालबुंद झाले. मग, मी कधीच विसरणार नाही, तो आमच्या पोमेरानी बोलीत अडखळत म्हणाला, "रविवारी मी तुझ्या घरी येऊ? कान घरी ठेवून येईन."

लोनीने जीभ चावली.

रविवारी पप्पा त्याला थेट गोठ्यात घेऊन गेले आणि हातात बादली दिली. अदेमारने गार हात लावला मात्र, गायीने बादली उडवली. तो दुधात न्हाला. मी पुढे झाले, पप्पांसमोर त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि ऊब येईपर्यंत सोडले नाहीत. पप्पांनी बादली उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "आता परत लाव हात." गाय हलली नाही.

पुढच्या वर्षी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, लग्नाचं बोलावणं घेऊन निमंत्रक सायकलवरून दारोदार फिरला. लग्नाला येणार म्हणून प्रत्येक घराने त्याच्या कोटाला रंगीत फीत टोचली. परतला तेव्हा फितींखाली कोट दिसत नव्हता.

पप्पा शेवटपर्यंत जावयाशी गायींबद्दलच बोलले. विगांदकाका निवृत्त झाले आणि घड्याळं दुरुस्त करू लागले. लोनी ब्लूमेनाउ शहरात सुखात आहे, अजून सगळ्यांच्या कानांवर बोलते. अदेमार तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. हात शेवटपर्यंत गारच होते त्याचे, रोज सकाळी माझ्याकडे द्यायचा.

तो मुद्दाम बिघडवलेला व्हॉल्व्ह त्याने भंगारातून मागून घेतला होता. माझ्या खिडकीत आहे. थंडीच्या सकाळी मी दांडी मुठीत धरते, ऊब आली की भोकात सरकवते. ती नेमकी बसते. मग गार होते, सैल पडते, आणि ठोकळा कलवला की घसरून बाहेर येते.

मी ती पुन्हा हातात घेते.