हात लावून पाहा

पाटीवर लिहिलं होतं, ‘हात लावून पाहा’. तोफ्यानं नुसता हात लावला नाही, सरळ दौतीत बोटच घातलं!

“ई! कुणीतरी च्युइंगगम चिकटवलंय!”

“हळू बोल. संग्रहालय आहे, बाजार नाही,” वकील म्हणाला. वकील वयानं बारा वर्षांचा, पण वाद घालायला पन्नाशीचा!

चिमटी मात्र हसली नाही. सुट्टी दोघा मित्रांची होती, ती आत्यासाठी आली होती. तिची आत्या इथे बावीस वर्षं कपाटं उघडून वस्तू पुसत होती. देशाचा पहिला कायदा जिच्यातल्या शाईनं लिहिला, ती दौत कोठीत असे. शेजारी तिची हुबेहूब नकल. महिन्यापूर्वी तपासणी झाली, तर नकल जागेवर आणि खरी गायब! कोठीच्या किल्ल्या दोघांकडे, मोठ्या साहेबांकडे आणि आत्याकडे. साहेबांवर संशय घ्यायला साहेब काही तयार नव्हते. त्यामुळे आत्या घरी बसली. सोमवारी चौकशी संपणार होती, आणि बहुधा नोकरीही. आज शनिवार.

हे बालदालन नवं होतं. मुलांनी हाताळावी म्हणून मांडलेली ‘जुनी कचेरी’, सगळी खोटी. गम काढायला तोफ्यानं दौत उचलली.

“बाप रे, काय जड! आणि गारेगार!”

चिमटीनं शेजारचा शिक्का उचलला. प्लास्टिक. टाक? प्लास्टिक. तिनं दौत हिसकावून उलटी केली. बुडाला हिरवं कापड चिकटवलेलं. तिनं नखानं कोपरा सोलला.

“अगं, मोडशील!”

“आत्या सांगते, खऱ्या वस्तूची ओळख बुडाला असते.” कापडाखाली लाल रंगात क्रमांक होता. चिमटीनं त्यावर बोट ठेवलं. “हाच! आत्याच्या नोटिशीतला. पाठ झालाय मला.”

“चला साहेबांकडे!” तोफ्या धावत निघाला.

वकिलानं त्याची कॉलर धरली. “शहाणाच आहेस! ते दौत गुपचूप आत नेतील आणि म्हणतील, बाईंनीच घाबरून आणून टाकली. आधी त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. चार लोकांसमोर!”

चार लोक चारच वाजता आले. साहेब संग्रहालयाच्या अध्यक्षबाईंना आणि पाहुण्यांना बालदालन दाखवत होते.

“साहेब, हे सगळं तुम्ही मांडलंत?” चिमटीनं मधाळ आवाजात विचारलं.

“एकूण एक वस्तू, या हातांनी!” साहेब फुगले. “उद्घाटनाला दहा मिनिटं उरलेली आणि टेबल ओकंबोकं! मीच धावत कोठीत गेलो, दौतीची नकल आणली, खाली कापड डकवलं.”

“पण नकल तर कोठीतच आहे ना?”

चिमटीनं दौत उलटी करून अध्यक्षबाईंपुढे धरली. महिनाभर देशाच्या पहिल्या कायद्याच्या दौतीत पोरं बोटं घालत होती! आणि बावीस वर्षं ती पुसणारी बाई चोर ठरत होती.

“शाब्बास! अशी मुलं हीच आपली खरी संपत्ती!” अध्यक्षबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. वर्षभराचे फुकट पास मिळाले, फोटो निघाला. फोटोत मधोमध साहेब.

“आत्याचं काय?” चिमटीनं विचारलं.

“तिला मंगळवारी यायला सांग,” साहेब म्हणाले. “गडबडीत होतं असं. झालं गेलं विसरायचं, बेटा!”

घरी पत्र आलं: ‘वस्तू सापडल्याने प्रकरण बंद.’ चोरी झालीच नव्हती, हे लिहायला त्यात जागा नव्हती. माफीला तर नव्हतीच.

मंगळवारी चिमटी आत्याला सोडायला फाटकापर्यंत गेली.

“या ताई! पोरीनं नाव काढलं तुमचं!” पहारेकरी मनापासून म्हणाला. मग त्याची नजर आत्याच्या पिशवीवर गेली, आणि ओशाळून त्यानं नजर चटकन दुसरीकडे वळवली.

आत्या थांबली. तिनं पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली, जेवणाचा डबा बाहेर काढला आणि कुणी सांगितलं नसताना झाकण उघडून दाखवलं.