शेंदूर लावलेला रॉड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिसगावच्या गिरणीचं इंजिन फुटलं. दट्ट्या आणि चाक जोडणारा रॉड मधोमध तुटला. त्याच्या तुकड्यानं इंजिन चालवणाऱ्या हैदरचा हात सोलून काढला.

फौजदार दत्तोपंत आले, तेव्हा मालकीण केशरबाई त्यांची वाटच बघत होत्या.

"अल्लाबक्ष मिस्त्रीनं फशिवलं, साहेब. पोलादाचा म्हणून बिडाचा रॉड दिला. आत टाका त्याला."

दत्तोपंतांनी तुकडा उचलला. पोलाद तुटण्याआधी वाकतं. हा खडूसारखा तुटला होता. आतून करडा, दाणेदार. बीडच, ओतीव लोखंड.

"रेल्वेच्या धुऱ्याचं पोलाद तापवून घण मारलेत, साहेब," बोलावून आणलेला अल्लाबक्ष म्हणाला. "साऱ्या गावानं ऐकलेत."

ज्याला विचारावं तो हेच सांगे! दत्तोपंत वैतागले. "ऐकलं सगळ्यांनी, पाहिलं कोणी? हैदर, रॉड तू बसवलास. बीड ओळखता येत नाही?"

"येतंय की. पण बसवायच्या आधी खंडेनवमीला रॉड पूजेत ठिवला हुता. मी घरी गेल्तो. दसऱ्याला आलो तर वर तेल-शेंदराचा जाड थर. पूजेचा शेंदूर मी कसा पुसू?"

"पूजेपाशी कोण होतं?"

"मीच," केशरबाई म्हणाल्या. "मोडका जुना रॉडबी हुता. ज्यानं खाऊ घातलं ते लोखंड आमी टाकत न्हाई."

"हैदर, फुटण्याआधी काही आवाज?"

"इंजिन तापलं तशी वर टणटण सुरू झाली. बंद करायला वळलो, तवर फुटलंच."

दत्तोपंतांनी दट्ट्या बाहेर काढायला लावला. माथ्यावर ताजी, चकचकीत खूण होती. तो वरच्या झाकणावर आपटत होता.

"दट्ट्या नवा दिसतो."

"व्हय, जुन्याहून सूतभर उंच," अल्लाबक्ष म्हणाला. "म्हणून रॉड सूतभर आखूड घडवला. हैदरसमोर मापलाय."

दत्तोपंतांनी जुना रॉड मागवला. दोन्ही रॉडांचे तुकडे जुळवून शेजारी ठेवले. लांबीत केसाचा फरक नव्हता.

"हा अल्लाबक्षचा रॉड नव्हे," ते म्हणाले. "त्याचा आखूड असता. ही जुन्या रॉडची नक्कल आहे, बिडात ओतलेली. लांबी जास्त, म्हणून दट्ट्या आपटला. बीड ठिसूळ, म्हणून रॉड तुटला. आखूड रॉड लागतो हे हैदरला ठाऊक होतं. नक्कल करवणाऱ्याला नव्हतं. जुना रॉड कोणाच्या घरात? पूजेपाशी एकटं कोण? बाई, शेंदूर देवासाठी नव्हता. बीड झाकायला होता."

केशरबाईंनी जुन्या रॉडचा तुकडा उचलून हातात धरला.

"खरा रॉड कुठंय?" दत्तोपंतांनी विचारलं.

"कर्जतला, जावयाच्या गिरणीत. त्याचंबी इंजिन असलंच, रॉड मोडलेला. लढाईपायी बाजारात नवा रॉड मिळंना. म्हणाला, रॉड धाडा, न्हाईतर पोरगी घेऊन जा. वाटलं, माझं बिडावर भागंल."

"अन् मी तुरुंगात?" अल्लाबक्ष कडाडला. "तिथला दट्ट्या जुन्या मापाचा. माझा रॉड आखूड पडंल. दाबच भरायचा न्हाई. इंजिन सुरूच हुणार न्हाई, बाई!"

"ठाव हाय. सकाळच्या मोटारीनं निरोप आलाय, इंजिन सुरू झालं न्हाई." केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरगी दुपारच्या मोटारीनं येतीया. ट्रंकेसकट. तिला घरात घिऊ द्या, साहेब. मग ठाण्यावर चला."

दत्तोपंतांनी टोपी काढली आणि दुपारच्या मोटारीची वाट बघत गिरणीच्या पायरीवर बसून राहिले.