वकिलाने दिलेला शब्द

दुपारची जेवणं उरकली आणि वॉर्डातल्या खोल्यांची दारं एकामागून एक लागली. "फरशी पुसायचीय," सिस्टर म्हणाल्या. फरशी तर सकाळीच पुसून झाली होती. फरशीच्या नावाखाली दारं लागली, की बाहेरून चादर पांघरलेलं कुणीतरी ढकलगाडीवरून जातं, हे वॉर्डातल्या पोरांना पाठ होतं. मास्तरीण पलंगावर पडून चाकांचा आवाज ऐकत होती. ती सोळा वर्षांची. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

शेजारच्या खोलीत वकील होता. तिच्याच वयाचा, डॉक्टरांशीही हुज्जत घालणारा. दोघांचा आजार एकच. मरणाबद्दल मोकळं बोलायला दोघांना एकमेकांशिवाय कुणीच नव्हतं. विषय निघाला की आईच्या डोळ्यांना धार लागायची आणि बाबांना नेमका फोन यायचा.

"मरणाचं एक वेळ चालेल गं," वकील म्हणायचा, "पण हे सगळे आपल्याला उल्लू बनवतात ना, त्याने डोकं फिरतं." म्हणून ठरलं होतं, जो आधी जाईल त्याने परत येऊन खरं काय ते सांगायचं.

संध्याकाळी तिने आईला वकिलाबद्दल विचारलं.

"तो ना? घरी गेला. बरा झाला," आई म्हणाली आणि सफरचंद कापत राहिली. मास्तरणीला आईचं तोंडही बघवेना.

दुसऱ्या दिवशी आई चहा आणायला खाली गेली, तेव्हा तो आला. दार उघडलंच नाही. बरेच दिवस बंद असलेल्या कपाटासारखा वास खोलीत पसरला, आणि वकील पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

"आलास..." ती उठून बसली. "सांग ना. काय असतं तिथे?"

त्याने तोंड उघडलं. मग थबकून खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, उंच माणसाच्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहावं तसं.

"काही नाही गं... तू बरी होणारेस."

"वकील! तू शब्द दिला होतास..."

"मी घरी गेलो," तो घोकल्यासारखं म्हणाला. "बरा झालो..." त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. अख्ख्या जगात तिच्या बाजूचा एकच माणूस होता, आणि तोही फितूर झाला. तिने तोंड फिरवलं. परत पाहिलं तेव्हा तो नव्हता.

"गुणी आहे पोरगा," कोपऱ्यातून कुणीतरी मायेने म्हणालं.

मग अगदी तिच्या उशाशी... "तू झोप हं आता."